शाळा, दवाखाना आणि कर : पैसा माणसामागं जावा का संस्थेमागं?

माणदेशी

बरेच दिवस डोक्यात घोळतंय ते आज लिहून टाकतो, लांब होणार आहे, सवडीनं वाचा.

आमच्या शेजारच्या घरातल्या पोरीचा आरटीईच्या (शिक्षण हक्क कायद्यानं खाजगी शाळांत राखीव ठेवलेल्या २५ टक्के मोफत जागा) लॉटरीत नंबर लागला नाही. बाप दुसऱ्याच्या डाळिंबाच्या बागेत रोजानं जातो, आई पण जाते. लाखभर जागा आणि दुप्पट-तिप्पट अर्ज असं दरवर्षीच असतं त्यामुळं नंबर न लागणं यात नवीन काही नाही, पण त्या बापानं मला विचारलं की मग आमच्या वाटणीचं काय? आणि मला उत्तर देता आलं नाही. कारण हा माणूस इन्कम टॅक्स भरत नसला तरी कर भरतोच की रोज. मोबाईलचं रिचार्ज मारलं की १८ टक्के, गाडीत शंभरचं पेट्रोल टाकलं की त्यात केंद्राचा वाटा वेगळा, राज्याचा वेगळा. त्याच्या पोरीच्या शिक्षणाचे पैसे त्यानं आधीच दिलेत. फक्त ते कुठं खर्च करायचे हे त्याला विचारलं जात नाही.

महात्मा फुल्यांनी १८८२ साली इंग्रज सरकारच्या शिक्षण आयोगापुढं, हंटर कमिशनपुढं, हेच मांडलं होतं, की सारा भरतो कुणबी आणि त्या पैशावर शिकतात वरच्या जातीतले. माझ्या मते महाराष्ट्रात कर आणि शिक्षण हे दोन विषय एकत्र बांधून बघणारे ते पहिले.

माझे वडील शेतकरी संघटनेत होते, शरद जोशींच्या सभांना ट्रॅक्टरनं जायचे. "भीक नको, हवे घामाचे दाम" ही घोषणा मी लहानपणापासून ऐकलीय. त्या विचाराचं सार मला असं कळलं की सरकारनं शेतकऱ्यावर उपकार करू नयेत, फक्त त्याचे हातपाय बांधलेत ते सोडावेत. मग हाच विचार शाळेला का लावत नाही आपण? मिल्टन फ्रीडमन या अमेरिकन अर्थतज्ज्ञानं १९५५ साली साधी गोष्ट सांगितली, शिक्षणाचा पैसा कोणी द्यायचा हा एक प्रश्न आणि शाळा कोणी चालवायची हा दुसरा, या दोन्हीचं उत्तर एकच असायचं कारण नाही. पैसा सरकारनं द्यावा, पण तो कूपनसारखा मुलामागं जावा. मूल ज्या शाळेत जाईल तिथं पैसा. झेडपीत गेलं तर झेडपीला, खाजगीत गेलं तर खाजगीला. आज होतं काय की पैसा संस्थेमागं जातो, पट असो नसो, पोरांना वाचता येवो न येवो.

आता कोणीतरी म्हणेल महाराष्ट्रात खाजगीकरण होऊन चाळीस वर्षं झाली की, काय भलं झालं. १९८३ ला वसंतदादांनी विनाअनुदानित इंजिनिअरिंग आणि मेडिकल कॉलेजांना दार उघडलं हे खरं, त्यामुळं हजारो पोरं कर्नाटकात जायची थांबली हेही खरं. पण कॉलेज काढायची परवानगी मिळाली कुणाला ते बघा. ज्याच्या हातात साखर कारखाना, जिल्हा बँक, आमदारकी, त्याला. चार वर्षांत, १९८७ ला, डोनेशनबंदीचा कायदा करावा लागला. याला मी बाजार म्हणत नाही, हा परवाना आहे. बाजारात दुसरा माणूस समोर दुकान थाटू शकतो. आणि वरून आपल्याकडं शाळेनं नफा कमवायचा नाही असा नियम, म्हणजे ट्रस्ट करायचा, मग इमारतीचं भाडं आपल्याच भावाला, बस आपल्याच मेव्हण्याची, गणवेश आपल्याच दुकानात. नफा होतोच, फक्त हिशेबात दिसत नाही आणि त्यावर करही लागत नाही. त्यापेक्षा सरळ नफा कमवू द्या, त्यावर कर घ्या आणि समोर दुसरी शाळा काढायला कुणालाही मोकळीक द्या.

दवाखान्याचंही तेच आणि कराचंही तेच म्हणणं आहे. कर कमी असावेत, थोडे असावेत आणि दिसावेत. सिंगापूरनं १९८४ ला मेडिसेव्ह काढलं, प्रत्येक कामगाराच्या नावानं आजारपणाची बचत, पैसा त्याचा आणि निर्णयही त्याचा. आपल्याकडं का नको? मोकळेपणानं लिहा, मला खरंच समजून घ्यायचंय.

कोकणकडा

शिक्षणाच्या मुद्द्याशी पूर्ण सहमत. आमच्या वाडीत झेडपीचा पट ७ आहे, २ शिक्षक. तालुक्याला जाणारी इंग्लिश मीडियमची पिवळी बस मात्र भरून जाते आणि त्यात मजुरांचीच पोरं आहेत, श्रीमंतांची नाहीत. लोकांनी पायानं मत दिलंय.

बालाघाटचा_मास्तर

माणदेशीभाऊ, मी बीड जिल्ह्यात झेडपीला सतरा वर्षं शिकवतोय. तुमचा राग समजतो पण काही गोष्टी सांगायलाच पाहिजेत.

पहिली गोष्ट फुल्यांची. त्याच निवेदनात त्यांनी प्राथमिक शिक्षण निदान बाराव्या वर्षापर्यंत सक्तीचं करा असं म्हटलंय, आणि सरकारनं शिक्षणातून अंग काढून घेऊ नये, घेतलं तर प्रसार थांबेल असंही म्हटलंय. म्हणजे त्यांची तक्रार सरकारनं शाळा चालवण्याबद्दल नव्हती, पैसा वरच्यांवर उधळून खालच्यांना उपाशी ठेवण्याबद्दल होती. शाहू महाराजांनी १९१७ साली कोल्हापुरात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं ते संस्थानच्या तिजोरीतून. त्या आधी १९११ ला गोखल्यांनी असंच बिल देशाच्या मध्यवर्ती कायदेमंडळात मांडलं होतं, ते पडलं. जिथं राज्यकर्त्यानं मनावर घेतलं तिथंच पोरं शाळेत आली.

दुसरी गोष्ट आमच्या कामाची. पट असो नसो पगार मिळतो म्हणता, बरोबर आहे. पण सकाळी गेल्यावर मी काय करतो ते ऐका. पोषण आहाराचा हिशेब, तांदळाचा साठा, मतदार यादी, ऑनलाइन माहिती, परत तीच माहिती वेगळ्या ॲपवर. नवीन पोरं शिक्षणसेवक म्हणून येतात, त्यांना २०२३ पर्यंत महिन्याला ६ हजार मिळायचे, आत्ता कुठं १६ हजार झाले. बांधकामावरचा मजूर यापेक्षा जास्त कमवतो. शिकवू द्या आम्हाला, मग तुलना करा.

आणि तिसरी, माझ्यासाठी सगळ्यात मोठी. माझ्या वर्गातली अर्धी पोरं दिवाळीनंतर दिसत नाहीत. आईबाप ऊसतोडीला कोयता घेऊन जातात, सांगली, कोल्हापूर, कर्नाटक. मार्चएप्रिलला परत. या पोराच्या हातात तुम्ही कूपन दिलं तर तो ते कुठं वापरणार? उसाच्या फडावर कोपी (झोपडी) बांधून राहतात, पाच महिन्यांसाठी तीस पोरांकरता कोणता संस्थाचालक तिथं शाळा काढणार आहे?

माणदेशी

मास्तर, फुल्यांचं तुम्ही म्हणता ते मान्य, मी अर्धंच सांगितलं होतं.

पण ऊसतोडीच्या पोराचं उदाहरण मला उलटंच वाटतं. आज त्या पोराचा पैसा तुमच्या गावातल्या शाळेच्या नावावर पडून आहे आणि पोरगं शिरोळच्या फडावर. पैसा पोरामागं गेला असता तर तो नोव्हेंबरला शिरोळला पोचला असता, तिथल्या शाळेला ते पोरगं ओझं वाटलं नसतं. आज तिथल्या मुख्याध्यापकाला त्या पोराला वर्गात घेऊन काय मिळतं, पटाचा गोंधळ आणि डोक्याला ताप.

आणि एक. २०२४ च्या फेब्रुवारीत सरकारनं नियम बदलला की एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खाजगी शाळेला आरटीईच्या २५ टक्क्यांतून सूट. जुलैत हायकोर्टानं तो रद्द केला, पुढं सुप्रीम कोर्टानंही तेच कायम ठेवलं. सरकारला तो बदल करावासा का वाटला? या मुलांच्या फीपोटी शाळांना द्यायचे प्रतिपूर्तीचे पैसे द्यायचे नव्हते म्हणून. मुलामागं १७ हजार ६७० रुपये दर ठरलेला, कोविडच्या वर्षात तो ८ हजारावर आणला, आणि तेही वर्षानुवर्षं थकीत. माझ्या ओळखीत एकजण छोटी शाळा चालवतो, बँकेचं कर्ज काढून शिक्षकांचे पगार करतो आणि सरकारी पैशाची वाट बघतो. म्हणजे कूपन पद्धत आपल्याकडं आहेच २०१० पासून, फक्त लॉटरी लावून, उधारीवर आणि मनाविरुद्ध चालवलेली.

सई_स्टॉकहोम

मी मूळची साताऱ्याची, बारा वर्षं झाली स्वीडनमध्ये. दोन्ही मुलं इथेच शाळेत, त्यामुळे या विषयावर थोडं सांगू शकते कारण माणदेशीदादा जे म्हणताहेत ते इथे १९९२ पासून चालू आहे. पैसा मुलामागे, शाळा खाजगी असो की नगरपालिकेची, आणि खाजगी कंपनीला नफाही काढता येतो.

चांगलं काय ते आधी. शाळा वरून फी घेऊ शकत नाही, एक क्रोनासुद्धा नाही. हे फार महत्त्वाचं आहे. माझ्या मुलीच्या वर्गात सर्जनची मुलगी आणि बसचालकाचा मुलगा शेजारी बसतात. चिलीनेही १९८१ ला व्हाउचर, म्हणजे शाळेचं कूपन, आणलं, पण पुढे तिथे शाळांना वरचे पैसे घ्यायची मुभा मिळाली, मग ज्याची जेवढी ऐपत तशी शाळा अशी सरळ उतरंड तयार झाली, २०११ ला मुलं रस्त्यावर उतरली आणि २०१५ ला कायदा करून वरची फी, मुलं निवडून घेणं आणि नफा हे सगळं बंद करायला घेतलं.

आता खटकणारं. इथे चांगल्या खाजगी शाळांना रांग असते, जो आधी नाव नोंदवेल त्याला आधी जागा. स्वीडिश आईबाप मूल जन्मल्याबरोबर नाव घालतात. मी आले तेव्हा मोठी पाच वर्षांची होती, मला हे माहीतच नव्हतं. मग जी शाळा उरली ती मिळाली. निर्वासित कुटुंबांचं काय होत असेल विचार करा. निवड सगळ्यांना आहे, पण ती करता येण्यासाठी जी माहिती आणि भाषा लागते ती सगळ्यांकडे नाही. आणि मार्क शाळाच देते, त्यामुळे पालक खूश राहावेत म्हणून मार्क फुगवायचा मोह होतो, त्यावर इथे सतत वाद चालू असतो. २०१३ ला शाळा चालवणारी एक मोठी कंपनी बुडाली आणि हजारो मुलांच्या शाळेचं पुढे काय हा प्रश्न उभा राहिला. किराणा दुकान बंद पडलं तर आपण दुसरीकडून तूरडाळ आणतो, शाळा बंद पडली तर सातवीतल्या मुलाचं ते वर्ष परत येत नाही.

तरीही मला विचाराल तर मी ही पद्धत पूर्ण मोडा असं म्हणणार नाही. दुसऱ्या वर्षी मी धाकट्याची शाळा बदलली, कुणाच्या पाया पडावं लागलं नाही, पैसा त्याच्या मागे गेला. साताऱ्यात माझ्या बहिणीला दाखला काढायला दीड महिना लागला होता.

चिमणीची_आई

मी इथं फक्त वाचायला असते, आज लिहितेय. इचलकरंजीत राहतो, मालक यंत्रमागावर आहेत. मोठी मराठी शाळेत सातवीला आहे, सरकारी. शाळेतले सर चांगले आहेत पण वर्गात मुलं खूप आणि गणित इंग्रजी कच्चं राहतंय म्हणून क्लास लावला. महिन्याला दीड हजार फी. लाडकी बहीणचे दीड हजार येतात ते सगळे तिकडंच जातात. मागच्या महिन्यापासून क्लासवाले जीएसटी म्हणून आणखी २७० मागतात. ते बरोबर आहे का कोणी सांगेल का. आणि तुम्ही सगळे म्हणताय निवड पाहिजे, मला शाळा निवडायची नाहीये, आहे त्या शाळेत शिकवलं तर मला क्लास कशाला पाहिजे.

आकडेमोड

ताई, शाळेच्या फीवर जीएसटी नाही पण खाजगी क्लासच्या फीवर १८ टक्के आहे, दीड हजारावर २७० हा हिशेब बरोबर आहे. पण क्लासवाल्यांची जीएसटी नोंदणी आहे का ते आधी बघा, वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर बहुतेक नोंदणी नसते. पावती दिली का त्यांनी?

बाकी धाग्यावर, मी नाशिकला करसल्लागार आहे, कराच्या बाजूनं बोलतो कारण त्यावर माणदेशींनी फार थोडं लिहिलंय आणि खरी मेख तिथंच आहे.

कर दिसावेत हे शंभर टक्के मान्य. आपल्याकडं एकदा लागलेला कर जात नाही. पगारातून महिन्याला २०० आणि फेब्रुवारीत ३०० रुपये व्यवसाय कर कापला जातो ना, वर्षाला अडीच हजार, तो १९७५ ला लावला रोजगार हमीसाठी. वि. स. पाग्यांची ती योजना, दुष्काळात माणसं जगली त्यावर, आणि शहरातल्या पगारदारानं खेड्यातल्या मजुरासाठी भरायचा हा कर होता, हेतू उत्तम. पुढं केंद्राचा रोजगार हमीचा कायदा आला, मजुरीचा मोठा भार दिल्लीनं उचलला, व्यवसाय कर मात्र आहे तिथंच. पगाराच्या स्लिपवर 'पीटी' वाचणाऱ्या किती जणांना माहितीय तो कशासाठी सुरू झाला? जकातीचं तेच. मुलुंडच्या नाक्यावर ट्रकांच्या रांगा, डिझेल जळतंय, भाजी सडतेय, सगळ्यांना कळत होतं हे चुकीचं आहे, तरी मुंबईची जकात जायला २०१७ चा जीएसटी यावा लागला.

दुसरं म्हणजे सेस, करावर लावलेला जादा कर. इन्कम टॅक्सवर ४ टक्के आरोग्य आणि शिक्षण सेस लागतो. लोकांना वाटतं तो आपल्या शाळा-दवाखान्यांसाठी. पण सेसचा पैसा राज्यांमध्ये वाटायच्या करांत धरला जातच नाही, आणि शाळा, दवाखाने तर मुख्यतः राज्यं चालवतात. शिक्षणाच्या नावानं गोळा केलेला पैसा शाळा चालवणाऱ्याकडं हक्कानं जात नाही, दिल्ली ठरवेल त्या योजनेतून येतो. मला हे फार अन्यायाचं वाटतं आणि याबद्दल बाजारवाले आणि समाजवादी दोघंही गप्प असतात.

पण माणदेशी, कर कमी करा असं म्हणताना कोणता ते सांगा. २०२५ च्या बजेटमध्ये १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर कर शून्य झाला, मध्यमवर्ग खूश, माझे अशील खूश. तुमच्या शेजारच्या मजुराला त्यातून काय मिळालं? त्याचा कर खरेदीतून जातो. त्याच वर्षी २२ सप्टेंबरपासून वह्या, पेन्सिली, खोडरबरावरचा जीएसटी काढला, बऱ्याचशा औषधांवरचा १२ चा ५ केला, तो खरा त्याच्या उपयोगाचा. आरोग्य विम्याच्या वैयक्तिक पॉलिसीवरचे १८ टक्केही तेव्हाच गेले, त्यासाठी गडकरींनी २०२४ ला पत्र लिहिलं होतं अर्थमंत्र्यांना. फक्त एक लक्षात ठेवा, विमा कंपनीला तिनं स्वतःच्या खरेदीवर भरलेल्या करांचं क्रेडिट (वजावट) आता मिळत नाही, तो बोजा ती कुठंतरी प्रीमियमला लावू शकते.

रानातला_डॉक्टर

मी भूलतज्ज्ञ आहे, तालुक्याच्या गावी, सरकारीत आठ वर्षं काढली आणि आता खाजगीत. दोन्हीकडचं पाहिलंय. आरोग्याच्या बाबतीत माणदेशींचं म्हणणं मला पटत नाही आणि का ते सविस्तर लिहितो.

केनेथ ॲरो म्हणून अर्थतज्ज्ञ होऊन गेले, बाजाराचं गणित मांडणाऱ्यांतले मोठे, नोबेल मिळालेले. त्यांनीच १९६३ साली लिहिलं की वैद्यकीय सेवा इतर मालासारखी नाही, कारण रुग्णाला काय हवंय हे त्याला माहीत नसतं, ते विकणारा सांगतो. डाळिंब घेताना गिऱ्हाईक दाबून बघतं, नको वाटलं तर पुढच्या पाटीकडं जातं. रात्री दोनला छातीत कळ आलेला माणूस कुठल्या पाटीकडं जाणार? त्याची बायको अंगठी काढून देते, मी पाहिलंय.

एक आकडा सांगतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, २०१९ ते २१ ची, देशात सरकारी दवाखान्यात शंभरात साधारण १४ बाळंतपणं सिझेरियननं झाली आणि खाजगीत ४७. बायकांची शरीरं सरकारी आणि खाजगी अशी वेगळी नसतात. काही अवघड केसेस खाजगीत जातात हे धरलं तरी एवढा फरक त्यानं भरून निघत नाही. मी स्वतः अशा सिझेरियनला भूल दिलीय जिथं थांबता आलं असतं. मला ते टोचतं. डॉक्टर वाईट होते असं नाही, थांबायला रात्रभर जागं राहावं लागतं आणि त्याचे पैसे नाहीत, कापायचे आहेत.

स्टेंटचं घ्या, हृदयाची रक्तवाहिनी उघडी ठेवायला आत बसवतात ती जाळीची नळी. २०१७ च्या फेब्रुवारीत सरकारनं औषधाचा लेप असलेल्या स्टेंटची कमाल किंमत २९ हजार ६०० केली, त्याआधी लाखाच्या वर लावत होते. बाजारात स्पर्धा होती की, अनेक कंपन्या होत्या. पण स्पर्धा रुग्णाला स्वस्त देण्याची नव्हती, दवाखान्याला जास्त मार्जिन देण्याची होती, कारण निवडणारा दवाखाना आणि पैसे देणारा रुग्ण.

आणि महाडच्या हिंमतराव बावस्करांची गोष्ट तर आपल्या सगळ्यांची आहे. कोकणात लाल विंचू चावला की चाळीस टक्के माणसं मरायची. हे डॉक्टर बिरवाडीच्या सरकारी प्राथमिक आरोग्य केंद्रात होते, रात्र रात्र रुग्णाजवळ बसून नोंदी केल्या आणि प्राझोसिन ही रक्तदाबाची स्वस्त गोळी लागू पडते हे दाखवलं. लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. मृत्यू एक टक्क्यावर आले. विंचू चावतो तो भातशेतीत, जांभ्याच्या बांधावर काम करणाऱ्याला. त्याच्यासाठी औषध शोधायला कोणती कंपनी पैसा लावणार होती?

सिंगापूरचं मेडिसेव्ह सांगता, पण तिथल्या रुग्णालयांतल्या बहुतेक खाटा सरकारी आहेत हे कोणी सांगत नाही. दर सरकार बांधून ठेवतं, मग बचत खातं चालतं. आणि शेजारच्या पोरीच्या बापाच्या खात्यात किती साठणार, रोजंदारी किती त्याची?

माणदेशी

डॉक्टर, तुमचं वाचून दोन दिवस गप्प बसलो. माझी आई गेली तेव्हा आम्ही पण असंच गाडीत घालून नेलं होतं, सोलापूरला. दवाखाना निवडला नव्हता, रस्त्यात जो आधी लागला तो. तेव्हा दर विचारायचं कुणाच्या मनातही आलं नाही. तातडीच्या आजारात बाजार चालत नाही हे मी मान्य करतो.

पण सरकारी दवाखान्यात तरी माणूस कुठं भेटतो? २०२३ च्या १५ ऑगस्टपासून आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत केसपेपरसकट सगळं फुकट झालं, चांगलंच आहे, पण भूलतज्ज्ञ नाही म्हणून बाई परत पाठवतात. तुमच्यासारखा माणूस आठ वर्षांनी बाहेर का पडला ते पण लिहा.

रानातला_डॉक्टर

रास्त प्रश्न. पगारासाठी नाही पडलो. चार तालुक्यांना मी एकटा होतो, सुट्टी नव्हती, मशीन बिघडलं तर दुरुस्तीचा कागद सहा महिने फिरायचा. चारशे रुपयांचा सेन्सर मी खिशातून आणायचो कारण मला खरेदीचा अधिकार नव्हता. इथं तुमचं म्हणणं मला पटतं, स्वातंत्र्य पाहिजे, पण ते आतल्या माणसाला. वैद्यकीय अधिकाऱ्याच्या हातात पैसे आणि निर्णय द्या आणि वर्षाच्या शेवटी हिशेब मागा.

महात्मा फुले जन आरोग्य योजना म्हणजे तुमचं दवाखान्याचं कूपनच आहे. २०१२ ला राजीव गांधींच्या नावानं आठ जिल्ह्यांत सुरू झाली, आता सगळ्या कुटुंबांना ५ लाखांपर्यंत. खूप लोकांचे जीव वाचलेत, हे मी मनापासून सांगतो. पण दवाखाना परवडतील ती पॅकेजं घेतो आणि न परवडणारी टाळतो, "बेड नाही" म्हणतो. आणि योजना मुख्यतः भरती झालेल्यासाठी आहे, बीपीची गोळी रोज घेणाऱ्यासाठी नाही. गोळी न घेतल्यामुळं लकवा झाला की मग योजनेत बसतो. खिशातून होणारा खर्च देशात कमी झालाय, २०१३-१४ ला एकूण आरोग्यखर्चाच्या ६४ टक्के होता तो २०२१-२२ ला ३९ वर आला असं सरकारी हिशेब सांगतात. पण सरकारचा खर्च त्या वर्षी जीडीपीच्या १.८४ टक्केच होता, आणि २०१७ च्या धोरणात २०२५ पर्यंत अडीच टक्के करू म्हटलं होतं.

कोकणकडा

बावस्करांचं वाचून अंगावर काटा आला. माझ्या आजोबांचा धाकटा भाऊ विंचवानंच गेला होता, बांधावरची दगडं लावताना. डॉक्टर, तुमचं म्हणणं पटलं. शाळेच्या बाबतीत मात्र मी अजून पिवळ्या बसच्याच बाजूनं आहे.

बालाघाटचा_मास्तर

कोकणकडा, पिवळ्या बसबद्दल. आंध्रात यावर मोठा प्रयोग झालाय, कार्तिक मुरलीधरन आणि वेंकटेश सुंदररामन यांनी केलेला. २००८ पासून गावांतल्या मुलांना लॉटरीनं व्हाउचर दिली आणि चार वर्षं मागोवा घेतला. खाजगीत गेलेली मुलं तेलुगूत आणि गणितात सरकारी मुलांपेक्षा पुढं गेली नाहीत, बरोबरीत राहिली. हिंदीत मात्र पुढं गेली. माझ्याच विरुद्ध जाणारी गोष्टही सांगतो, खाजगी शाळांनी हे सरकारीच्या एकतृतीयांशापेक्षा कमी खर्चात केलं. तो खर्च कमी कशामुळं होता तर मुख्यतः शिक्षकांचा पगार फारच कमी. म्हणजे स्वस्त शाळा चालते ती गावातल्या बारावी-डीएड झालेल्या पोरीच्या स्वस्त कष्टावर. तिला आपण किती वर्षं पाच-सात हजारांत राबवायचं?

आणि माणदेशीभाऊ, शिरोळचं तुमचं म्हणणं मी दोन दिवस डोक्यात घेऊन फिरलो. पैसा पोरामागं जावा हे स्थलांतराच्या बाबतीत खरंच चांगलं आहे, मी मानतो. पण नुसता पैसा पोचून भागत नाही. पोराला तिथं नेणारं माणूस लागतं. आईबाप पहाटे तीनला फडात, मोठी बहीण धाकट्याला सांभाळत कोपीवर. कारखान्यांच्या भागात साखरशाळा होत्या, काही चांगल्या चालल्या, त्या संस्थांमधल्या कार्यकर्त्यांनी कोप्यांवर फिरून पोरं गोळा केली म्हणून. आमच्याकडं हंगामी वसतिगृहं असतात, पोरगं गावातच राहतं, आजीकडं झोपतं, जेवण योजनेतून. त्याचा निधी दिवाळीच्या आधी आला तर पोरं थांबतात. उशिरा आला तर टेम्पो निघून गेलेला असतो. एका महिन्यानं सगळं वर्ष जातं.

सई_स्टॉकहोम

मास्तरांच्या मुद्द्यात एक घालते. महाराष्ट्रात खरी परंपरा ना सरकारची ना बाजाराची, तिसरीच आहे. भाऊराव पाटलांनी १९१९ ला रयत शिक्षण संस्था काढली ती मूठमूठ धान्य गोळा करून, माझे आजोबा साताऱ्यात त्यांच्या वसतिगृहात राहून शिकले, कमवा आणि शिका, सकाळी शेतात काम. आज तशी संस्था काढायची तर किती परवानग्या लागतील? बाजाराला मोकळीक मागताय तेव्हा अशा माणसालाही मोकळीक मागा, एवढंच.

माणदेशी

सईताई, अगदी बरोबर, हे मी पहिल्याच पोस्टमध्ये लिहायला हवं होतं. मला मोकळीक हवीय ती त्याच माणसासाठी.

एवढ्या चर्चेनंतर माझं म्हणणं कुठं आलंय ते सांगतो. तातडीचा दवाखाना आणि प्राथमिक आरोग्य, यातून मी बाजार काढून घेतो, तिथं डॉक्टरांचं म्हणणं माझं. शाळेच्या बाबतीत मात्र मी हटलेलो नाही. पैसा मुलामागंच जावा, पण स्वीडनसारखा, वर एक रुपया घ्यायचा नाही. मुलं निवडून घ्यायची नाहीत. ऊसतोडीच्या, पारध्यांच्या, अपंग पोरामागं दीडपट-दुप्पट पैसा जावा म्हणजे संस्था त्याला शोधत येईल. आणि झेडपीलाही तेच पैसे, तोच हिशेब, पण मास्तरांच्या डोक्यावरची यादी आणि ॲप काढून. मग कोकणकड्याच्या वाडीतली सात पोरं कुठं जातात ते त्यांचे आईबाप ठरवतील.

बालाघाटचा_मास्तर

दुप्पट पैसा दिला तर आमच्या झेडपीलाच द्या की, आम्ही पहिल्यापासून त्या पोराला ओळखतो. कुठल्या वस्तीवरचं, कुणाचं, बाप कुठल्या मुकादमाकडं उचल घेतो, सगळं. इथं आपलं जमणार नाही भाऊ. पण दिवाळीच्या आधी निधी यावा यासाठी पत्र लिहिणार असाल तर मसुदा मी देतो, गावाचं नाव घालून तुम्ही पण पाठवा.

माणदेशी

पाठवा. सांगोल्यातून मी पंचवीस सह्या आणतो.

चिमणीची_आई

आकडेमोड दादा, पावती मागितली. कोऱ्या कागदावर लिहून दिलंय, फी १५०० आणि जीएसटी २७०, खाली सही. नंबर वगैरे काही नाही.

आकडेमोड

ताई, नंबर नसेल तर कर मागायचा त्यांना अधिकारच नाही. अक्षरं-आकडे मिळून पंधरा खुणांचा जीएसटी नंबर असलेली छापील पावती मागा, सरळ विचारा, भांडू नका. नंबर दिला तर मला इथं मेसेज करा, खरा आहे का ते सरकारी साइटवर दोन मिनिटांत दिसतं, मी बघून सांगतो. नाही दिला तर दीड हजारच द्या.

चिमणीची_आई

बरं. सोमवारी मुलीला सोडायला जाते तेव्हा विचारते.